ठेवू, देऊ की टाकू?

दिवाळी सरली की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. फराळाचे प्रश्न बंद होतात आणि घरात साठलेल्या वस्तूंचे सुरू होतात. यंदा तर गठ्ठाच आला. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. लांबलेली थोडी छाटली, मजकूर मात्र लिहिणाऱ्यांचाच.

प्रश्न : ताई, मे महिन्यात नव्या फ्लॅटची वास्तुशांत केली. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं लिहायचं राहिलं. भिंतीवरची सात घड्याळं, गणपतीच्या चार मूर्ती, तीन लेमन सेट, देणाऱ्यांचं नाव कोरलेला एक भलामोठा स्टीलचा डबा आले. ब्लाउजपीस तर मोजलेच नाहीत. घर साडेचारशे फुटांचं. सासूबाई म्हणतात, घरात आलेली लक्ष्मी बाहेर काढायची नाही. मी काय करू? – सौ. मृ. कु., डोंबिवली

उत्तर : मृ., आधी आहेराची वही कर. आमच्या पिढीत लग्नामुंजीत कार्यालयाच्या कोपऱ्यात एखादी काकू वही घेऊन बसलेली असायची, कोणी काय दिलं ते टिपायला. ती वही परतफेडीसाठी असे. तुला ती वेगळ्या कामाला हवी आहे. जे पुढे जाईल ते ज्यानं दिलं त्याच्याच घरी, किंवा त्याच्या चुलत जावेच्या घरी, पोचता कामा नये. आठवतंय तोवर लिहून ठेव. खोक्यातलं 'सप्रेम भेट'चं कार्ड आजच काढ. कार्ड आत विसरणारी माणसं पुष्कळ असतात, आणि ते नेमकं ज्यानं वाचायला नको त्याच्याच हाती लागतं.

घड्याळांपैकी एक ठेव, बाकीच्यांचे सेल काढून ठेव. सेल गळला की आतलं यंत्र जातं आणि मग ते घड्याळ कोणालाच देता येत नाही. जवळची अंगणवाडी, अभ्यासिका, सोसायटीच्या वॉचमनची केबिन इथे आधी विचार. नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. हो म्हणाले तर नवा सेल घालून, वेळ लावून, चालू घड्याळ दे. लेमन सेटपैकी एक आजपासून रोज वापरायला काढ. उरलेले दोन हळदीकुंकवाच्या मोठ्या घोळक्याला लागतील. सोसायटीच्या भांड्यांत ठेवून दे.

आता तो डबा. स्टीलच्या भांड्यावर दुकानदार टिकटिक करत टिंबाटिंबांनी नाव घालून देतो, ते जन्मभर पुसत नाही. आमच्या नात्यात एका लग्नात पातेलं आलं होतं, त्यावर भलत्याच जोडप्याचं नाव आणि 1987 साल. ते जोडपं कोण हे आजवर कोणाला कळलेलं नाही. पातेल्यात दूध मात्र छान तापतं. तेव्हा नावाचा डबा आहेर म्हणून पुढे सरकवू नकोस. मोडीत घालायचा विचार असेल तर तांब्यापितळेला बरा भाव येतो, स्टीलला जेमतेम. त्यापेक्षा जिथे पन्नास माणसांचा स्वयंपाक होतो, म्हणजे बचतगट, भजनी मंडळ, गणेश मंडळ, तिथे दे. तांदूळ काढताना कोणाचं नाव कोरलंय हे कोणी बघत नाही.

ब्लाउजपीस हा महाराष्ट्रातला सर्वात जास्त प्रवास करणारा कापडाचा तुकडा. ऐंशी सेंटिमीटर, चमकणारा, घाम न शोषणारा. एकीनं ओटीत घातला की दुसरी तो तिसरीच्या ओटीत घालते. जुन्या ओटीचं हळदीचं बोट त्याच्यावर उमटलेलं असतं, तरी तो फिरतच राहतो. ही साखळी तू तोड. सुती निघतील ते शिवून घे किंवा अस्तराला वापर. उरलेल्यांच्या शिंप्याकडून नाडीच्या पिशव्या करून घे आणि संक्रांतीला त्याच पिशव्या वाण म्हणून लूट. प्लॅस्टिकच्या गाळण्या आणि साबणदाण्या लुटण्यापेक्षा बरं. शिलाई द्यावी लागेल, पण वाण विकत घेणार होतीसच.

मूर्तींचं जपून. ज्याला हवी त्यालाच द्यायची. आणि हे जरा रागानंच लिहिते : नको असलेलं सगळं कामाच्या मावशींच्या पिशवीत कोंबून मोकळं होऊ नका. मावशी म्हणजे तुमचा माळा नव्हे. त्यांचं घर तुझ्या साडेचारशे फुटांहून लहान असतं आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांना द्यायचं तर तीन वस्तू पुढे ठेवून 'यातलं काही हवंय का?' असं विचारायचं. 'काही नको' हे उत्तरही ऐकायची तयारी ठेवायची.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. वही त्यांच्याच हातात दे आणि कोणती वस्तू कोणाला शोभेल ते त्यांनाच ठरवू दे. लक्ष्मी त्यांच्या हातून बाहेर गेली तर त्यांचा आक्षेप राहत नाही. वर घरभर त्यांचा दानधर्म होतो.

प्रश्न : आम्ही दोघं ज्येष्ठ नागरिक घरात तीन डबे ठेवून कचरा वेगळा करतो. ठाण्याचा भाऊ हसतो, म्हणतो की शेवटी सगळं एकाच गाडीत पडतं. मग ही मेहनत कशाला? शिवाय दूधपिशवी, वेफरचं पाकीट, औषधाची पट्टी यांतलं सुकं काय? – श्री. अ. दे., कोथरूड, पुणे

उत्तर : अ. दे., तुमच्या भावाच्या गाडीचं मला माहीत नाही, तुमच्या दाराशी येणाऱ्या ताईंचं माहीत आहे. पुण्यात 1993 साली बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून ती महापालिकेसोबत घरोघरचा कचरा उचलते. दरमहा तुम्ही त्या ताईंना जे शुल्क देता तो त्यांच्या मिळकतीचा एक भाग. सुक्या कचऱ्यातून विकलं जाईल तो दुसरा. पुठ्ठा, कागद, बाटली, दूधपिशवी, पत्रा, जर्मनची भांडी, काच या सगळ्याचे भाव वेगवेगळे. कागदावर चहाचा चोथा सांडला की त्याचा भाव संपला. तुमची मेहनत गाडीत पोचण्याआधीच कोणाच्या तरी पदरात पडते.

एकदा सकाळी त्या ताई खाली डबे रिते करतात तेव्हा पाच मिनिटं उभे राहा. हात आधी बाटलीकडे जातो, मग पुठ्ठ्याकडे. गाठ मारलेली काळी पिशवी मात्र त्या सोडवत बसतात, कारण आत काय आहे कळत नाही. आत फुटका बल्ब असतो, दाढीचं पातं असतं. म्हणून सुका कचरा गाठ न मारता, उघडा द्यावा. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असं मोठ्या अक्षरात लिहावं. डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा. एवढ्यानं एक बोट वाचतं.

तुमच्या यादीचं : दूधपिशवीला चांगला भाव आहे. कापताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लोंबता राहू द्या. तो सुटा तुकडा कोणी उचलत नाही, थेट गटारात जातो. पिशवी विसळून दोरीवर वाळवायची. वेफरच्या पाकिटाला आत चंदेरी अस्तर असतं. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे भंगारवाला त्याला हात लावत नाही. डबा सुक्याचाच, पण ते विकलं जाईल अशी आशा धरू नका. औषधाच्या पट्टीचंही तेच. मुदत संपलेल्या गोळ्या, सेल, ट्यूबलाइट हे घरगुती घातक कचऱ्यात, म्हणजे तिसऱ्या डब्यात. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग सांगितले होते; 2026 च्या नव्या नियमांनी ते ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार केलेत. दुकानातली गुळगुळीत, नखानं ओरखडलं की काळी रेघ उठणारी बिलं रद्दीत घालू नका. त्या कागदावर रसायनाचा लेप असतो.

भावाला सांगा : गाडी सगळं एकत्र करते असं दिसलं तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसात तक्रार करायची. आणि तोवर सुकं गाडीत घालायचंच नाही, रद्दीवाल्याला द्यायचं. मग एकत्र करायला गाडीत उरतं काय?

प्रश्न : रोजच्या पेपरातून क्लास, बिल्डर आणि साड्यांच्या सेलची पत्रकं पडतात. बंद कशी करावीत? – कु. र. शि., नाशिक

उत्तर : बंद होत नाहीत. ती छापखान्यात नाही, पहाटे नाक्यावर विक्रेत्याची पोरं अंकात सारतात आणि त्याचे त्यांना सुटे पैसे मिळतात. ज्यांची मागची बाजू कोरी असेल ती वाणसामानाच्या याद्यांना वापर, बाकीची रद्दीत. दारावर डिंकानं चिकटवून जाणाऱ्यांसाठी मात्र सोसायटीच्या फाटकावर पाटी लाव आणि वॉचमनला अधिकार दे.

प्रश्न : वडील गेले. त्यांच्या नावानं कंपन्यांचे जाडजूड वार्षिक अहवाल, विम्याची पत्रं, गुंतवणुकीची माहितीपत्रकं येतच राहतात. नाव, पत्ता, कुठे कुठे खातेक्रमांकही. रद्दीत द्यायची भीती वाटते. शिवाय आईच्या फोनवर दिवसभर कर्ज आणि फ्लॅटचे कॉल. – श्री. वि. ठा., नागपूर

उत्तर : वि. ठा., टपालाचा प्रश्न आला की माझी जुनी नोकरी जागी होते. मी पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य काढलं. ज्यांचा मालक राहिला नाही अशी पत्रं कशी वर्षानुवर्षं येत राहतात ते मी टेबलाच्या त्या बाजूनं पाहिलंय.

अहवाल थांबवायचे तर मुळाशी जा. वडिलांचे शेअर अजून त्यांच्याच नावावर असतील. डिमॅट खातं असेल तर ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचे कागद देऊन शेअर आईच्या नावे करून घ्या. नव्या खात्यात ईमेल नोंदवला की अहवाल ईमेलवर येतात, छापील बंद होतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण लाभांशाचे पैसे अडकू नयेत म्हणूनही करायलाच हवं.

जाहिरातीची पत्रं घ्यायलाच हवीत असं नाही. पाकीट न उघडता 'घेण्यास नकार' असा शेरा मारून तारीख-सही करून पोस्टमनच्या हाती परत द्यावं. मयताच्या नावाचं असेल तर 'मयत' एवढंच लिहिलं तरी पुरतं. मात्र सहीचं टपाल, म्हणजे पूर्वीचं रजिस्टर (1 सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टात विलीन झालं), डोळे मिटून नाकारू नका. नोटीस असेल आणि तुम्ही नाकारलीत तर न्यायालय साधारणपणे ती तुम्हाला मिळाली असंच धरतं. 'आम्ही घेतलीच नाही' या बचावावर विसंबून फसलेली माणसं खिडकीशी येऊन रडलेली मी बघितली आहेत.

रद्दीत देताना पूर्ण पान फाडायची गरज नसते. पत्त्याची चिठ्ठी आणि खातेक्रमांकाची ओळ तेवढी कात्रीनं काढा. ते कपटे बादलीत रात्रभर भिजवून कुस्करले की कुंडीतल्या मातीत मिसळतात. आधार-पॅनच्या झेरॉक्स मात्र फोटोसकट कापा. जिल्ह्याच्या कोर्टाबाहेरच्या टपरीत भेळ कशात बांधून मिळते ते आठवा.

फोनसाठी आईच्या मोबाइलवरून 1909 या क्रमांकाला इंग्रजीत 'स्टार्ट', जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवा. सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची ती नोंदणी आहे. तरीही आले तर त्याच 1909 वर तक्रार करता येते, कॉल करणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख हवी. 140 नं सुरू होणारा क्रमांक जाहिरातीचा, 1600 नं सुरू होणारा बँकेच्या वगैरे कामाचा, एवढं आईला फ्रिजवर लिहून द्या. साध्या दहा आकडी नंबरावरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला काहीही सांगायचं नाही, हेही त्याखाली.

प्रश्न : वडील निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभराच्या सत्कारांच्या साठेक शाली, दोन कपाटं भरून स्मृतिचिन्हं. ते स्वतः वापरत नाहीत, आम्ही काढायला गेलो की दुखावतात. – सौ. सु. पा., कराड

उत्तर : सु., शालीचं सोपं, स्मृतिचिन्हांचं नाही. तेव्हा स्मृतिचिन्हांना इतक्यात हातच लावू नकोस. एका दुपारी सरांना खुर्ची दे, एकेक चिन्ह त्यांच्या पुढ्यात धर आणि कुठे, कोणाच्या हस्ते ते विचार. नातवाला मोबाइलवर ते बोलणं टिपू दे. सांगून झालं की काही ते स्वतःच बाजूला सारतील. काही कधीच सोडणार नाहीत, ती राहू देत. बाजूला सारलेल्यांची पितळी पट्टी काढून ठेव. लाकडी बैठक सुताराला चालते. ॲक्रिलिकला मात्र कोणी विचारत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शाली या महिन्यात बाहेर पडायला हव्यात. तुमच्याकडे हंगाम लागला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या बांधतात आणि डिसेंबरच्या पहाटे अंधारात लहान पोरांना घेऊन कामाला निघतात. सत्काराच्या शाली बहुतेक पातळ असतात. दोन-दोन एकत्र टाचून त्यांचं पांघरूण कर, हवं तर मधे जुनी साडी घालून गोधडी. गोधडी शिवणाऱ्या बायका कराडात मिळतील. पण टोळीच्या मुकादमाला आधी भेट. किती बिऱ्हाडं आहेत, त्यांना पांघरूण हवंय की पोरांना स्वेटर, हे त्याला ठाऊक असतं. सर चालते-फिरते असतील तर त्यांनाच बरोबर ने. शाळा त्यांची, शाली त्यांच्या, वाटपही त्यांनीच करावं. फोटो मात्र काढू नका, बिऱ्हाडातल्या बायकांना तो आवडत नाही.