तालुक्यातील अग्निशमन केंद्रे एकत्र करावीत का?

प्रश्न : आमच्या तालुक्यात नगरपरिषदेचे अग्निशमन केंद्र, औद्योगिक वसाहतीतील केंद्र आणि सहकारी साखर कारखान्याचा बंब अशा तीन स्वतंत्र व्यवस्था आहेत. उन्हाळ्यात ऊस, कडब्याच्या गंजी आणि गोठे पेटतात, तेव्हा वर्दी नेमकी कोणाला द्यायची हेच गावांना समजत नाही. नगरपरिषदेच्या बंबाला पंधरा वर्षे पूर्ण होत आली आहेत. या तिन्ही व्यवस्था मोडून तालुक्याच्या ठिकाणी एकच अद्ययावत केंद्र उभारावे, असा काही सरपंचांचा प्रस्ताव आहे. तो योग्य आहे का?
– एक ग्रामपंचायत सदस्य, मराठवाडा

उत्तर : तिन्ही व्यवस्थांचा कारभार एक करावा, ही मागणी रास्त आहे, मात्र तिन्ही बंब एकाच आवारात आणून उभे करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पहिला बंब पोहोचण्यासाठी आपल्याकडे शहरांत 5 ते 7 मिनिटांचा आणि ग्रामीण भागात 20 मिनिटांचा निकष धरला जातो. त्यांतील पाच मिनिटे पत्ता समजून घेण्यात आणि बंब बाहेर काढण्यात गेली, तर प्रवासाला 15 मिनिटे उरतात, आणि पाण्याने भरलेला बंब ताशी 40 किलोमीटर वेगाने धावला तरी तेवढ्या वेळात 10 किलोमीटरच जातो. म्हणून प्रत्येक बंबाच्या सध्याच्या जागेपासून हे अंतर प्रत्यक्ष रस्त्याने मोजावे, नकाशावर वर्तुळ काढून नव्हे. नदीपलीकडचे गाव नकाशावर जवळ दिसते आणि पुलाच्या वळशाने दुप्पट लांब पडते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला असताना ही मोजणी पुन्हा करावी. बहुधा असे आढळेल, की कारखान्याचा बंब हलवला तर ऊसपट्ट्यातील गावे त्या 20 मिनिटांच्या बाहेर जातात.

आजच्या गोंधळाचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या विषयांत येते. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत तिचा समावेश नाही. गोव्यात राज्याचे एकच संचालनालय सर्व केंद्रे चालवत असल्याने हद्दीचा हा पेच तेथे निर्माण होत नाही. आपल्याकडे सध्या तरी नगरपरिषद, औद्योगिक वसाहत, कारखाना आणि ग्रामपंचायती यांच्यातील लेखी करार हाच व्यवहार्य मार्ग आहे. हद्दीबाहेरच्या वर्दीचे शुल्क ज्याचे पीक जळाले त्याच्याच हाती टेकवणे मला अन्यायाचे वाटते. त्याऐवजी ग्रामपंचायतींनी वार्षिक वर्गणी ठरवून द्यावी. गळीत हंगामात बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगांना धोका असताना कारखाना बंब केव्हा रोखून ठेवू शकेल आणि त्या काळात कोणाचा बंब जाईल, हेही करारात लिहावे. एकत्र आणायचे ते वर्दी घेणारा कक्ष, सामायिक प्रशिक्षण, वाहनांची देखभाल आणि सुट्या भागांची खरेदी. न्यूझीलंडने 1 जुलै 2017 रोजी शहरी आणि ग्रामीण मिळून सुमारे चाळीस अग्निशमन संस्था एका संस्थेत विलीन केल्या. तेथेही प्रशासन एक झाले आणि गावोगावच्या स्वयंसेवकांच्या तुकड्या आपापल्या जागी राहिल्या.

आधुनिकीकरण म्हटले की नव्या गाडीचा विचार प्रथम होतो, पण आपल्या भागात खरी अडचण पाण्याची असते. 4,500 लिटरचा बंब मिनिटाला 450 लिटर फेकणाऱ्या एकाच नोझलवर दहा मिनिटांत रिकामा होतो. बंबाचा पंप व्यवहारात सात मीटरच्या आसपासच्या खोलीवरूनच पाणी ओढू शकतो आणि मे महिन्यात विहिरीचे पाणी त्याहून कितीतरी खाली गेलेले असते. शेतकऱ्याची मोटर सुरू करावी, तर आगीमुळे वीजपुरवठा खंडित केलेला असतो. यासाठी गावच्या जलकुंभाच्या तोटीला 63 मिलिमीटरचे होज कपलिंग (बंबाची नळी जोडण्याचा सांधा) आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, म्हणजे बंब वीज नसतानाही उताराने भरता येईल. जलकुंभाजवळ भरलेला बंब वळेल एवढी मोकळी जागा राखावी आणि बारमाही पाणी असलेली शेततळी व बंधारे यांची यादी नियंत्रण कक्षात लावावी. नव्या इमारतीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि तो आधी व्हायला हवा.

मनुष्यबळाचा हिशेबही प्रस्तावात आला पाहिजे. एका बंबावर चालकासह सहा जण धरले, तर तीन पाळ्यांना 18 लागतात आणि साप्ताहिक सुट्या व रजा धरून ही संख्या 24 च्या घरात जाते. एवढी माणसे मंजूर नसताना दुसरा बंब घेतला, तर तो शेडमध्येच उभा राहील. जुन्या बंबाबाबत मात्र दिरंगाई नको. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी आणि पालिकांच्या मालकीच्या 15 वर्षांपुढील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे, त्यामुळे बदली वाहनाची मागणी मुदत संपण्यापूर्वीच करावी. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांचा वाटा 25 टक्के ठेवला होता. अशा निधीसाठीचा प्रस्ताव नगरपरिषदेमार्फत राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे पाठवताना वर सांगितलेली रस्त्यांची मोजणी आणि पाण्याची यादी सोबत जोडावी. गावठाणातील अरुंद बोळांसाठी मोठ्या बंबासोबत एक लहान जलद प्रतिसाद वाहनही मागावे.

प्रश्न : बंब येईपर्यंत गावातील तरुणांचे पथक काही करू शकेल का?
– त्याच गावातील एक शिक्षिका

उत्तर : निश्चितच, पण कामे ठरवून द्यावीत. एकाने 101 किंवा 112 वर वर्दी द्यावी, दुसऱ्याने वीज उपकेंद्राला कळवून त्या भागाची वीजवाहिनी (फीडर) बंद झाल्याची खात्री करून घ्यावी. तोपर्यंत तारांखालच्या आगीवर कोणीही पाणी टाकू नये. गोठ्यातील जनावरांची दावी सोडण्यासाठी किंवा कापण्यासाठी दोघे नेमावेत. उरलेल्यांनी वाऱ्याच्या दिशेने पुढच्या गंजी हलवाव्यात आणि एक जण मोबाइल सुरू ठेवून मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर थांबावा, कारण रात्री शिवारातला रस्ता बंबाच्या चालकाला गावकऱ्याशिवाय सापडत नाही.