अंध विद्यार्थिनीने पुस्तकाची फाइल मागितली; द्यावी लागेल का?

प्रश्न : लातूरमध्ये आमचं छोटं प्रकाशन आहे. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन्ही विद्यापीठांच्या बी.ए., बी.कॉम.च्या अभ्यासक्रमाची पुस्तकं काढतो. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयातल्या अंध विद्यार्थिनीने आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची 'संगणकाला वाचता येईल अशी' फाइल मागितली होती. फाइल एकदा बाहेर गेली की चार दिवसांत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, म्हणून आम्ही उत्तरच दिलं नाही. आता कळलं, की कॉलेजच्या ग्रंथालयाने अख्खं पुस्तक स्कॅन करून तिला आणि आणखी दोघांना दिलं. भागीदार म्हणतात, कॉलेजला पायरसीची नोटीस काढा. तेवढ्यात तिच्या वतीने पत्र आलं : आठवडाभरात फाइल द्या, वेबसाइटवरून पुस्तक मागवता येत नाही तेही दुरुस्त करा, नाहीतर दिव्यांग आयुक्तांकडे जाऊ. आम्ही खासगी प्रकाशक. हा कायदा आम्हाला लागतो का? आणि लेखकांशी आमचे करार तर फक्त छापील आवृत्तीचे आहेत.

उत्तर : भागीदारांना आधी थांबवा. ती नोटीस गेली तर कॉलेजचा वकील एका परिच्छेदात तिचं उत्तर देईल आणि आयुक्तांपुढे तोच कागद तुमच्या विरोधात दाखवला जाईल.

कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये ज्या कृतींना हक्कभंग मानलं जात नाही त्यांची यादी आहे. 2012 च्या दुरुस्तीने त्यात पोटकलम (1)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणतंही पुस्तक किंवा साहित्य सुलभ स्वरूपात, म्हणजे तिला वाचता-ऐकता येईल अशा रूपात आणणं, त्याच्या प्रती काढणं आणि त्या देणं याला हे कलम मुभा देतं. ही मुभा कुणालाही आहे. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा त्यात वेगळा उल्लेख आहे आणि शासनमान्य शिक्षणसंस्था व ग्रंथालयं स्पष्टीकरणात नावानिशी धरली आहेत. म्हणजे अंबाजोगाईच्या ग्रंथालयाने तुमची परवानगी घेतली नाही, कारण ती लागतच नव्हती. अख्खं पुस्तक स्कॅन केलं हाही मुद्दा चालणार नाही. परीक्षा अख्ख्या पुस्तकावर असते, प्रत अर्धी काढून काय उपयोग?

मुभेला अटी आहेत आणि तुमचा खरा हक्क तिथेच आहे. प्रत नफ्यासाठी देता येत नाही, फक्त तयार करण्याचा खर्च घेता येतो. ती दिव्यांग व्यक्तीनेच वापरायची आणि नेहमीच्या बाजारात शिरू नये म्हणून संस्थेने वाजवी काळजी घ्यायची. त्या तिघांना दिलेली फाइल उद्या वर्गाच्या ग्रुपवर पडली, तर ती पुढे पाठवणाऱ्यांना हे कलम वाचवत नाही. तिथे तुमची नोटीस जरूर जाऊ शकते.

आता फाइल देण्याची सक्ती आहे का? काटेकोर बोलायचं तर कॉपीराइट कायदा इतरांना प्रत करू देतो, तुमच्या डीटीपीची (संगणकावर पानं लावल्याची) मूळ फाइल काढून द्या असं तो सांगत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधलं कलम 42 छापील मजकुरासकट सगळा मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा असं म्हणतं, पण ती जबाबदारी सरकारवर टाकतं. महाविद्यालयावर विद्यार्थ्याला सोयी पुरवण्याची स्वतंत्र जबाबदारी आहे, म्हणूनच ग्रंथपालाला स्कॅनर चालवावा लागला. एवढं वाचून हात झटकाल तर मात्र फसाल. त्याच कायद्यात 'खासगी आस्थापना' या व्याख्येत कंपनी, फर्म, ट्रस्ट सगळं येतं. सेवा पुरवणारा सरकारी असो की खासगी, त्याने केंद्राच्या सुलभतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यावी असं कलम 46 सांगतं. तुमची विक्रीची वेबसाइट या कलमात येते, आणि मला पुस्तकापेक्षा तिचीच काळजी जास्त वाटते.

याच कायद्याखालच्या केंद्राच्या 2017 च्या नियमांत सुलभतेबद्दलचा नियम 15 आहे. 2023 च्या दुरुस्तीने संगणकीय साधनं, वेबसाइट आणि दस्तऐवजांसाठी त्यात आयएस 17802 हे भारतीय मानक आलं. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. आपल्याकडे काही जण याचा अर्थ 'नियमच गेला' असा लावतात. तो उलटा आहे. नियम नुसता शिफारशीच्या भाषेत होता, कायद्याला सक्ती हवी आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि सक्तीचे निकष ठरवायला केंद्राला तीन महिने दिले. मग 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला गेला. ते प्रकरण केवायसीचं (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेचं) होतं, प्रकाशकांचं नव्हे, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या भंगाला त्याच्या कलम 89 खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी किमान 50,000 आणि कमाल 5 लाख.

थोडक्यात, पुस्तकाची सुलभ प्रत तयार होणं तुम्हाला थांबवता येत नाही. ती कशी तयार व्हावी, कुणाकडे जावी आणि तिची नोंद कुठे राहावी, एवढं मात्र तुम्ही ठरवू शकता, आणि तेही फाइल तुम्ही स्वतः दिलीत तरच.

द्यायची म्हणजे काय द्यायचं? इथेच बहुतेक प्रकाशक अडखळतात. तुमची जुनी पुस्तकं पेजमेकर या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टवर लावलेली असणार. ती पीडीएफ पाठवलीत तर त्या विद्यार्थिनीला काहीही ऐकू येणार नाही, किंवा भलतंच काही ऐकू येईल. कृतिदेव या फॉन्टचं उदाहरण घ्या. पडद्यावर 'मराठी' दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही अक्षरं. डोळ्याला फॉन्टचा मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, मात्र आतली अक्षरं वाचतो. श्रीलिपीत चिन्हं वेगळी, दुखणं तेच. तपासायला अर्धं मिनिट लागतं : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य काही उमटलं तर ती फाइल पाठवण्यात अर्थ नाही.

मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं अशा सर्वमान्य संकेतात, आणावा लागतो. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. हा क्रम उलटताना घोटाळे होतात : 'अर्थशास्त्र'चं 'अथर्शास्त्र' होतं, 'स्थिती'चं 'सि्थती', 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. डीटीपीवाल्याला हीच तीन रूपं शोधायला सांगा, बहुतेक कचरा तिथेच सापडेल. त्यानंतर एक प्रकरण एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर कानाने ऐका. डोळ्यांनी सुटलेल्या चुका कान पकडतो.

शेवटची फाइल पीडीएफ नको, वर्ड किंवा ईपब (ई-पुस्तकाचा प्रचलित फाइलप्रकार) द्या. देवनागरीच्या पीडीएफमधून मजकूर उचलताना जोडाक्षरं अनेकदा तुटतात, मग फॉन्ट युनिकोड असला तरी. वर्डमध्ये प्रकरणाची शीर्षकं नुसती ठळक करू नका, 'हेडिंग 1', 'हेडिंग 2' या स्टाइल लावा. त्यामुळे एका कळीवर पुढच्या प्रकरणात जाता येतं, नाहीतर चौथं प्रकरण शोधायला तिला आधीची तीन ऐकावी लागतील. तक्ते चित्र म्हणून चिकटवू नका, खरे तक्ते करा आणि पहिली ओळ शीर्षकओळ म्हणून नोंदवा. छापील पान क्रमांक फाइलमध्ये ठेवा, वर्गात सर 'पान 87 काढा' म्हणतात. सुलभ पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सॉर्शियम या संस्थेचं वर्डटूईपब हे मोफत साधन अशा वर्ड फाइलचं ईपब करून देतं आणि त्यांचंच 'एस' हे साधन उणिवा दाखवतं.

आकृत्यांचं वर्णन संपादकानेच लिहायचं, ऑपरेटरने नव्हे. मागणी वक्राच्या आकृतीला 'आलेख' असं लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. 'क्ष अक्षावर मागणीचं प्रमाण, य अक्षावर किंमत. वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो' एवढं पुरे. खालच्या मजकुरात तेच विस्ताराने असेल तर पुन्हा पाल्हाळ नको.

फाइल फिरण्याची भीती खरी आहे, पण पासवर्ड हा तिच्यावरचा चांगला उपाय नाही. पीडीएफच्या सुरक्षा सेटिंगमध्ये स्क्रीन रीडरला मुभा देणारा पर्याय बंद राहिला तर वाचनही थांबू शकतं. शिवाय, कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप उघडणाऱ्याला कॉपीराइट कायद्याचं कलम 65ए संरक्षण देतं. विद्यार्थिनीचं नाव प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापू नका, पानोपानी ते ऐकावं लागेल. पहिल्या पानावर एकदाच लिहा : 'ही प्रत अमुक यांच्या वैयक्तिक अभ्यासासाठी, कलम 52(1)(झेडबी) अन्वये.' फाइल पुढे देणार नाही असं तिच्याकडून दोन ओळींचं हमीपत्र घ्या, कॉलेजमार्फत आलं तर अधिक चांगलं. दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत मागायला हरकत नाही, पण त्यावरून महिनाभर पत्रव्यवहार करू नका, परीक्षा तुमच्या पत्राची वाट पाहणार नाही.

लेखकांच्या कराराची अडचण इथे नाही. सुलभ प्रत खर्चाच्या किमतीत किंवा फुकट देताना कलम 52 ची मुभा तुम्हालाही आहे. मात्र तेच ईपब उद्या सगळ्यांना विकायला ठेवाल तर 'फक्त छापील' हा करार आडवा येईल, डिजिटल हक्क लेखकाकडेच आहेत. जुने करार काढून मुदतही बघा : मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं. पुढच्या करारात ई-आवृत्ती, ब्रेल आणि श्राव्य आवृत्ती वेगवेगळ्या नावांनी लिहा आणि युनिकोड हस्तलिखिताची अट घाला.

वेबसाइटसाठी माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर कळीवर एक पुस्तक मागवून पाहा. जिथे अडकाल तिथेच ती अडकली असणार. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा, नाव नसलेलं 'कार्ट'चं बटण आणि यादीऐवजी टाकलेलं सूचीपत्रकाचं जेपीजी हे नेहमीचे तीन गुन्हेगार. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगातलं अंतर किमान 4.5 : 1 हवं. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र लावून 'एका ओळीत वेबसाइट सुलभ' करणारी विकतची विजेट्स घेऊ नका. असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले.

पत्राला उत्तर याच आठवड्यात द्या आणि ते असं असू द्या : 'आपली मागणी मान्य आहे. पहिली दोन प्रकरणं वर्ड स्वरूपात सोबत जोडली आहेत, उरलेलं पुस्तक अमुक तारखेपर्यंत मिळेल. वेबसाइटची दुरुस्ती होईपर्यंत या क्रमांकावर फोन करून पुस्तक मागवता येईल.' तारीख पाळता येईल अशीच लिहा. याआधी उत्तर दिलं नव्हतं त्याबद्दल एक ओळ दिलगिरीची असावी, कारणमीमांसा नको.

तरीही पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडून नोटीस आली तर ती फाइलला लावून ठेवू नका. साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्यापुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. सुनावणीला तुमचं उत्तर, फाइल पाठवल्याचा ई-मेल, हमीपत्र आणि वेबसाइट दुरुस्त करणाऱ्याला दिलेली लेखी ऑर्डर असे चार कागद घेऊन जा.