वाचकांचे प्रश्न : राबणारी माणसं तैलरंगात

मागच्या अंकात आम्ही चिनी चित्रकार लुओ झोंगली यांच्या ‘वडील’ या तैलचित्राची ओळख करून दिली होती. त्यानंतर खान्देशातून बरीच पत्रं आली. बहुतेकांना आपल्या शिवारातली माणसं तशी रंगवायची आहेत. त्यांतल्या काही पत्रांना ही उत्तरं.

चित्रात फक्त एक म्हातारा शेतकरी वाडगं धरून आहे. त्यात एवढं मोठं काय? आणि तशा सुरकुत्या काढायच्या कशा? (अमळनेर)

आधी आकार बघा. चित्र सुमारे सात फूट उंच आणि पाच फूट रुंद आहे आणि त्यातला बहुतेक भाग चेहऱ्यानेच व्यापला आहे. ते १९८० साली रंगवलं. तोवर चीनमध्ये एवढा मोठा चेहरा माओंचाच असायचा. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) चित्रातला शेतकरी लालबुंद गालांचा, हसरा आणि सगळीकडून उजळलेला असावा, असा दंडकच होता. लुओ यांनी दाबा डोंगरातल्या शेतकऱ्याचे फुटलेले ओठ, घामाचे थेंब आणि चिंधी बांधलेलं बोट पुढाऱ्याच्या मापात मांडलं. मोठ्या चेहऱ्याची ही पद्धत त्यांना अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांच्याकडून सुचली. कानामागचं बॉलपेन मात्र नंतर, सूचना आल्यावर घातलं. हा शेतकरी जुन्या नव्हे, नव्या चीनमधला आहे हे दिसावं, एवढ्यासाठी.

आता सुरकुत्या. बहुतेकांचं इथेच चुकतं. सुरकुती म्हणजे तपकिरी रेघ नव्हे, ती कातडीची घडी आहे. तिला उजेडाची एक कड असते, खोलात अंधार असतो आणि दोन्हींच्या मध्ये एक मधली छटा असते. आधी कपाळ, गाल आणि जबडा हे मोठे भाग मधल्या छटेत सपाट भरून घ्या. रंग ओला असतानाच घडीचा अंधार ठेवा आणि त्याला लागून उजेडाची कड ओढा. अंधाराची एक बाजू तीक्ष्ण राहू द्या, दुसरी कोरड्या ब्रशने विरवा. दोन्ही बाजू तीक्ष्ण ठेवल्या की चेहऱ्यावर ओरखडे काढल्यासारखं दिसतं. मोठे भाग बसण्याआधी सुरकुत्यांना हात लावू नका.

केळीचा घड खांद्यावर घेतलेला मजूर काढतो, पण घड थर्माकोलचा वाटतो. (रावेर)

माणूस रिकामा उभा करून काढला आणि घड नंतर चिकटवला, की असं होतं. ओझं घडाच्या रंगात दिसत नाही, ते अंगात दिसतं. वीस-पंचवीस किलोचा घड उजव्या खांद्यावर असेल तर तो खांदा वर चढतो, मान डावीकडे जाते, कंबरेपासून वरचं अंग डावीकडे कलतं आणि मोकळा डावा हात तोल साधायला अंगापासून सुटतो. ज्या पायावर भार आहे त्याची टाच पूर्ण टेकलेली असते. घड आणि माणूस यांचा मिळून जो मध्य आहे, तिथून कागदावर एक उभी रेघ टाका. ती त्या पावलावर पडली नाही तर चित्रातला माणूस पडणारच.

समोर बसवायचा तर खरा घड द्या, पण दोन-तीन मिनिटंच, मग उतरवायला सांगा. तेवढ्यात फक्त कलण्याची रेघ, खांदे आणि कंबर पकडायची. अशी आठ-दहा रेखाटनं झाल्यावरच कॅनव्हासकडे वळा. लिऊ श्याओदोंग या चित्रकाराची मोठी चित्रं पाहा. यांगत्से नदीवरच्या तीन घळींच्या धरणाच्या परिसरात त्यांनी मजुरांना प्रत्यक्ष जागेवर बसवून रंगवलं. त्यांच्या चित्रातले खांदे आणि पोटऱ्या थकलेल्या दिसतात, त्या यामुळेच. मोबाइलच्या फोटोवर सगळी भिस्त ठेवू नका. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा हात अवाच्या सवा मोठा येतो आणि सावल्या काळ्या होऊन बसतात.

बागेतल्या उजेडाचाही विचार करावा लागतो. केळीचं पान उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं तर पिवळसर हिरवं पेटलेलं दिसतं. तेच पान वरून आकाश घेतं आणि निळसर राखाडी होतं. दोन्ही पानं एकाच हिरव्याने भरली तर बाग प्लास्टिकची वाटते. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड माणसाच्या अंगावरच्या सावलीत हलका उतरतो. त्यासाठी व्हिरिडियनमध्ये (थंड, निळसर हिरवा) यलो ऑकर (मातकट पिवळा) घालून केलेला करडा पुरतो, पण चिमूटभरच. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळपट डाग असतात, ते गाळू नका. कापणीच्या मजुराचा सदरा कोरा दिसला की रावेर-यावलच्या माणसाला चित्र खोटं आहे हे लगेच कळतं.

काळी माती काळ्या रंगाने भरली तर भोक पडल्यासारखी दिसते. कापूस खडूसारखा होतो. (धुळे)

ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) जवळपास सारखे मिसळा. ओल्या मातीला निळा थोडा जास्त, वाळलेल्या ढेकळांना अंबर जास्त आणि त्यात किंचित पांढरा. दुपारच्या उन्हात आपली काळी जमीनही राखाडी-तपकिरी उजळते. तिच्यावरून परतलेला उबदार उजेड हनुवटीखाली आणि हातांच्या आतल्या बाजूला पडतो. तो दाखवला की माणूस शेतातच उभा आहे असं वाटतं. नाहीतर तो पडद्यापुढे उभा केल्यासारखा राहतो.

कापसात शुद्ध पांढरा जवळजवळ नसतोच. उन्हातला भाग पांढऱ्यात किंचित ऑकर घालून, सावलीतला निळसर-जांभळट करड्याने. ट्यूबमधला टायटॅनियम पांढरा शेवटच्या पाच-सात ठिपक्यांपुरता राखून ठेवा. सावळ्या कातडीलाही हाच नियम. उजळ करायला नुसता पांढरा घातला की ती पिठूळ होते. ऑकर आणि बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी) वाढवा, आणि कपाळ-नाकाच्या चमकेला आकाशाचा थंड निळा द्या. वेचणीच्या बाया साडीवर पुरुषी लांब बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. कमरेच्या ओटीत कापूस भरत जातो तसं पुढे ओझं येतं आणि पाठीचा बाक बदलतो. साडीच्या रंगापेक्षा तो बाक महत्त्वाचा.

सकाळी सात ते नऊ किंवा साडेचारनंतर बसा. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. एका बैठकीला दीड तास पुरे, तेवढ्यात सावल्या सरकलेल्या असतात.

वर्षभरात चित्राला तडे गेले. घाण्याचं जवस तेल आणि रॉकेल वापरलं होतं, पांढरा झिंक होता. (शहादा)

तिन्ही कारणं तुमच्याच पत्रात आहेत. घाण्याच्या तेलात चिकट गाळ राहतो, ते नीट वाळत नाही आणि पिवळं पडतं. चित्रकामाचं शुद्ध केलेलं जवस तेलच घ्या. रॉकेल पूर्ण उडून जात नाही आणि रंग निस्तेज करतं. त्याऐवजी टर्पेंटाइन वापरा. झिंक पांढरा तेलात पुढे कडक आणि ठिसूळ होतो. त्याऐवजी टायटॅनियम घ्या.

थरांचा क्रमही तपासा. पहिला थर फक्त टर्पेंटाइनने पातळ केलेला. मधल्या थरांना एक भाग तेल आणि तीन भाग टर्पेंटाइन. शेवटच्याला दोन्ही सारखे. खाली तेलकट आणि वर कोरडा असं उलटं झालं, तर वरचा थर आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो आणि वरचा फुटतो. कोऱ्या कापडावर तैलरंग कधीच लावू नका, तेलाने धागा कुजतो. अॅक्रिलिक जेसोचे (कापडावर द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, प्रत्येक वेळी दिशा बदलून, आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मे महिन्यात हे काम सकाळीच उरका. दुपारी जेसो ब्रशखालीच वाळतो आणि ओरखडे राहतात. चित्र लवकर वाळावं म्हणून अंगणात उन्हात ठेवू नका. जाड रंगावर वरून साय धरते आणि आत तो ओलाच राहतो. वॉर्निश सहा महिने तरी थांबून.

‘वडील’ची नक्कल करून विकू का? (पाचोरा)

अभ्यासाला जरूर करा, विकू नका. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं हक्क राहतो, आणि परदेशी चित्रांनाही हे संरक्षण मिळतं. त्यापेक्षा चिनी चित्रकार चेन दानछिंग यांनी केलं तसं करा. १९७८ साली बीजिंगमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ग्रामीण चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. त्या परंपरेतला साधेपणा त्यांनी घेतला आणि १९८० मध्ये तिबेटी माणसं रंगवली.

उन्हाळ्यात तैलरंगाच्या चिंध्यांना आग लागते हे खरं का? (भुसावळ)

खरं. जवस तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि तसं वाळताना उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच कोंडते आणि ठिणगी नसतानाही बोळा पेट घेतो. पंचेचाळीस अंशांच्या खोलीत धोका आणखी वाढतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून कडक वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइनची बाटली गॅसच्या शेगडीजवळ नको, आणि काम चालू असताना खिडकी उघडी ठेवा.