जुना डोझर : नुसत्या इंजिनाच्या आवाजावर किंमत ठरवू नये

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात आमची १६ एकर वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. त्यापैकी साधारण ७ एकरांवर वडिलांनी लावलेला साग आहे. उरलेल्या भागात काजू, थोडी ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि आपोआप वाढलेले रान आहे. रानमोडी आणि घाणेरी इतकी माजली आहे की, विरळणीत तोडलेले सागाचे ओंडके बाहेर काढायला वाट उरलेली नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये वणव्याची धास्ती असते ती वेगळीच. घाटमाथ्यावरच्या एका कंत्राटदाराकडे बीईएमएल (भारत अर्थ मूव्हर्स) कंपनीचा डी-५० डोझर विकाऊ आहे. तो चार वर्षे उभाच होता. पण बॅटरी जोडताच इंजिन लगेच सुरू झाले आणि आवाजही स्वच्छ होता. मालक साडेसहा लाख रुपये मागत आहे. वाट काढणे, जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) मारणे आणि खोडे उपटणे एवढ्याच कामांसाठी हे मशीन घ्यावे का, आणि घ्यायचे झाल्यास काय तपासावे?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : आपल्या पत्रात इंजिनाचा उल्लेख आहे, चेनचा एकदाही नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे. चेनवर चालणाऱ्या जुन्या मशीनची किंमत इंजिनात नसते, ती खाली असते. डिझेल इंजिन तालुक्याच्या गावातला चांगला मिस्त्रीही उघडून बांधू शकतो. पण चेन, तिच्यावर मशीनचा भार पेलणारे रोलर, तिला ताणून धरणारे समोरचे चाक म्हणजे आयडलर आणि तिला फिरवणारे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट हा सगळा खालचा संच झिजलेला असेल, तर तो बदलण्याचा खर्च मशीनच्या मागणीच्या किमतीजवळ जाऊ शकतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः इंजिनाच्या आवाजावर विश्वासून एक मशीन घेतले होते; दुसऱ्याच हंगामात त्याची चेन उतारावर उतरली आणि ते पऱ्याच्या काठावर अकरा दिवस अडकून पडले. म्हणून आपल्याला हे कळकळीने सांगत आहे.

मालकाला आदल्या दिवशीच कळवावे की, आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी, ऑइलची काठी काढून तेल दुधाळ झालेले नाही ना ते पाहावे, आणि मगच सुरू करायला सांगावे. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात विरला तर हरकत नाही. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला, किंवा ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून जोराने वाफारा येऊ लागला, तर पिस्टन रिंग आणि लायनर संपत आले आहेत असे समजावे. इंजिनासाठी एवढे पुरे आहे.

त्यानंतर तासभर तरी खाली बसून चेन पाहावी. स्प्रॉकेटचे दात टोकाला बोथट व रुंद असायला हवेत. ते सुरीसारखे निमुळते किंवा एका बाजूला वाकलेले दिसले, तर चेनच्या कड्या जोडणाऱ्या पिन आणि त्यांच्यावरचे बुशही झिजलेले असतात. हे मोजताही येते. डी-५० च्या नव्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर १७५ मिलिमीटर असते, म्हणजे चार कड्यांचे ७०० मिलिमीटर. स्प्रॉकेटच्या दातांत लाकडाचा ठोकळा अडकवून मशीन किंचित मागे घ्यावे, म्हणजे वरची चेन ताणली जाते. मग टेप लावून चार कड्या मोजाव्यात. माप ७१५ च्या आसपास आले, तर ती चेन संपलेली आहे, मग मालक काहीही सांगो. मधल्या टप्प्यात असेल, तर पिन-बुश अर्ध्या फेऱ्याने फिरवून घेऊन आणखी काही काळ काढता येतो, परंतु त्यासाठी चेन उतरवून मोठ्या प्रेसवर न्यावी लागते. समोरचा आयडलर पूर्ण पुढे सरकलेला आहे का, हेही पाहावे, कारण तसे असल्यास चेन आणखी ताणायला जागाच उरलेली नसते. काही विक्रेते एक कडी कमी करून सैल चेन घट्ट दिसेल अशी व्यवस्था करतात, म्हणून दोन्ही बाजूंचे शू, म्हणजे चेनवरच्या लोखंडी पट्ट्या, किती आहेत ते मोजावे. प्रत्येक रोलरच्या टोकाला तेल झिरपत आहे का, ते बोट लावून पाहावे. स्प्रॉकेटच्या आतल्या बाजूला तेलाचा थर असेल, तर फायनल ड्राइव्हचे, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरपेटीचे, सील गेले आहे.

आपले मशीन चार वर्षे उभे होते, म्हणून स्टिअरिंगची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या डोझरांत वळण्यासाठी प्रत्येक बाजूला स्वतंत्र क्लच आणि ब्रेक असतो. दमट हवेत मशीन उभे राहिले की क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात, आणि मग इंजिन कितीही गोड वाजले तरी दांडा ओढल्यावर मशीन वळत नाही. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये आधी एक दांडा, मग दुसरा दांडा ओढून पाहावा, आणि त्यानंतर ब्रेकचे पेडल दाबून जागेवर वळवावे. एका बाजूला सहज आणि दुसऱ्या बाजूला नाइलाजाने वळणारे मशीन आपल्या डोंगरउतारावर माणसाच्या जिवाशी खेळ ठरेल. मालक मैदानावर चालवून दाखवायला तयार नसेल, तर बोलणे तेथेच थांबवावे.

पातं जमिनीवर दाबून मशीनचे नाक उचलावे आणि तसेच धरून ठेवावे. ते लगेच खाली बसू लागले, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहेत. पात्याच्या मागच्या चौकटीवर, विशेषतः सांध्यांपाशी, ताजा रंग दिसला तर तो खरवडून त्याखाली जुने वेल्डिंग आहे का ते पाहावे. तासांचा मीटर बंद पडलेला किंवा बदललेला असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे पेडलांची आणि दांड्यांची झीज त्याहून खरे सांगते.

आता घ्यावे का, हा आपला पहिला प्रश्न. डी-५० हा धरणांच्या आणि खाणींच्या मशीनांपुढे लहान आहे, हे खरे; परंतु त्याचे वजन ११ ते १२ टन आणि इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे असते. भारत अर्थ मूव्हर्सने जपानच्या कोमात्सु कंपनीच्या सहकार्याने बनवलेले हे मॉडेल धरणे व कालव्यांच्या कामांवर खूप वापरले गेले. त्यामुळे ते जाणणारे मिस्त्री मिळण्याची आशा धरता येते, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. पण सात एकर सागाच्या ओळींतून फिरण्यासाठी ते जड आणि रुंद आहे. सागाची बरीच मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असतात, आणि आपल्याकडच्या जांभ्या जमिनीवरचा सुपीक थर काही इंचांचाच असतो. ओळींमधली रानमोडी काढायला डोझर घातला, तर पात्याच्या पहिल्याच फेरीत ती मातीही निघून जाते आणि जुलैच्या पावसात उरलेलीही वाहून जाते. ही बेणणी कोयत्यानेच करावी, असे माझे ठाम मत आहे. ओंडके ओढायला ट्रॅक्टरच्या मागे बसवलेली विंच पुरते. डोझरला खरे काम उरते ते वाट काढण्याचे आणि जाळरेषेचे, आणि १६ एकरांत ते पहिल्या वर्षी आठ-दहा दिवसांचे, पुढे दरवर्षी दोन-तीन दिवसांचे असेल. सात-आठ टनांचा बॅकहो लोडर, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, तो तासावर भाड्याने आणूनही यातले बरेचसे काम होते, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची खोडे तर त्याच्या मागच्या बकेटने अधिक नेमकेपणाने निघतात.

म्हणून माझा सल्ला असा आहे : एकट्याने घेऊ नये. शेजारचे चार-पाच बागायतदार एकत्र येणार असतील, चेनची झीज निम्म्याहून कमी निघाली आणि दोन्ही बाजूंचे क्लच सुटत असतील, तरच बोलणी पुढे न्यावीत. मागणीच्या रकमेतून लो-बेड ट्रेलरचे घाटातून येण्याचे भाडे आणि पहिल्या दुरुस्तीचा खर्च वजा करूनच बोली लावावी. चेनचे मशीन डांबरी रस्त्यावरून चालवत आणता येत नाही, आणि आपल्या वाडीच्या वाटेवर साकव किंवा जुनी मोरी असेल, तर ट्रेलरसह इतके वजन ती पेलेल का, हे आधी ग्रामपंचायतीत विचारावे. कागदांत मूळ खरेदीचे बिल, किंवा सरकारी लिलावातून घेतलेले असल्यास लिलावाची कागदपत्रे, मागावीत. इंजिन व चॅसिस क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहावेत आणि मशीनवर कर्ज असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र घ्यावे.

पाते जमिनीला लागण्यापूर्वी सातबारा उघडून इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वन' अशी नोंद नाही ना, हे पाहावे. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाखाली संपादित झालेल्या जमिनीवर वाट काढणे हा १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा भंग ठरू शकतो. साग हा १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमातील अनुसूचित वृक्ष आहे, म्हणून तो तोडण्यास परवानगी आणि लाकूड हलवण्यास वाहतूक परवाना लागतो. वाट काढताना निघालेला मुरूम बाहेर विकायचा विचार असेल, तर आधी तहसीलदारांकडे जावे.

वाट दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर काढावी. ती उताराला आडवी, हलक्या चढाची ठेवावी आणि पावसाआधी ठिकठिकाणी पाणी बाहेर टाकणारे आडवे चर द्यावेत. चालकाच्या डोक्यावर मजबूत लोखंडी छत आणि मागे जाळी नसेल, तर ती बसवेपर्यंत मशीन झाडांत नेऊ नये. ढकललेल्या झाडाची वाळकी फांदी मागे पडते, आणि ती चालकाला दिसत नाही.

प्रश्न : आम्ही चार भावांनी मिळून एक जुना लहान डोझर घेतला आहे. तो वर्षातून तीन-चार आठवडेच चालतो. कोकणातल्या पावसाळ्यात तो कसा ठेवावा?
— एक वाचक, ता. मंडणगड

उत्तर : शेवटचे काम संपले त्याच दिवशी रोलरांमधली माती फावड्याने व पाण्याने काढून टाकावी, कारण ती वाळून घट्ट झाली की रोलर फिरत नाहीत आणि एका बाजूने घासले जातात. मशीन उंचवट्यावर, जाड फळ्यांवर उभे करावे; पातेही फळीवर टेकवावे आणि सिलिंडरच्या दांड्यांचा जेवढा भाग उघडा राहतो त्याला ग्रीस चोपडावे. डिझेलची टाकी पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा आणि बॅटरी काढून घरात ठेवावी.

आपल्या मशीनला कोरडे स्टिअरिंग क्लच असतील, तर दोन्ही दांडे मागे ओढून दोरीने बांधून ठेवावेत. प्लेटा एकमेकींपासून सुट्या राहिल्या की गंजून चिकटत नाहीत. वर पत्र्याची शेड असावी, प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये, कारण त्याखाली ओल कोंडते. दर पंधरा दिवसांनी बॅटरी जोडून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे, मशीन वीस-पंचवीस फूट पुढे-मागे न्यावे, दोन्ही बाजूंना एकेकदा वळवावे आणि परत फळ्यांवर आणून दांडे बांधावेत. त्याच वेळी सीटखालची वायरिंगही पाहावी. पावसाळ्यात उंदीर तेथे आसरा घेतात.