न्यू जर्सीत आईचा मेडिगॅप सोडून झिरो प्रीमियमचा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन घ्यावा का? एजंट म्हणतो, दात आणि चष्मा फुकट.

नका घेऊ. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण "झिरो प्रीमियम" वाचलं आणि राहवलं नाही. (मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा. त्यात आपल्यावर पडणारा वाटा भरणारी खासगी जोडपॉलिसी म्हणजे मेडिगॅप, आणि मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत घ्यायचा प्लॅन म्हणजे अ‍ॅडव्हांटेज.)

आमच्याकडे दिवाळी आणि ओपन एनरोलमेंट (मेडिकेअरचे प्लॅन बदलायची वार्षिक मुदत) एकदमच येतात, १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. २०२२च्या दिवाळीला दादा टेक्सासहून आला होता. बाबा माझ्याकडे असतात, एडिसनला. ग्रीन कार्डवर आले, पाच वर्षं भरल्यावर मेडिकेअर मिळालं. इथे नोकरी केलेली नाही, त्यामुळे पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलच्या विम्याचेच महिन्याला पाचशेच्या आसपास डॉलर. वर पार्ट बी (डॉक्टर, तपासण्या वगैरे), मेडिगॅप, औषधांचा प्लॅन (पार्ट डी). दादाने एका हातात चकली घेऊन दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर बेरीज केली. "मेडिगॅपचे दोनशे डॉलर दर महिन्याला कशाला पाण्यात घालतेस? बाबा ठणठणीत आहेत." मी म्हटलं, राहू दे ना. त्यावर "तुला हिशेबातलं कळत नाही" हे ठरलेलं. चहा गार व्हायच्या आत फॉर्म भरून झाला. (झिरो म्हणजे फक्त त्या प्लॅनचे झिरो. ए आणि बीचे पैसे तसेच भरावे लागतात.)

पहिलं वर्ष मजेत गेलं. नवा चष्मा झाला, दात साफ करून झाले. दादा दर फोनला विचारायचा, "काय, चमकतायत का?"

२०२४च्या जानेवारीत बाबा ड्राइव्हवेतल्या बर्फावर घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, तिथून रिहॅबला, म्हणजे थेरपी देऊन पुन्हा चालतं करणाऱ्या केंद्रात नेलं. चौदाव्या दिवशी अ‍ॅडव्हांटेज प्लॅनचा कागद हातात आला: परवापासून आम्ही पैसे देणार नाही. त्या दिवशी बाबा वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेले होते, मोजून ११ पावलं, आणि दारात उभे राहून सदऱ्याच्या बाहीला घाम पुसत होते. मूळ मेडिकेअरमध्ये पहिले २० दिवस पूर्ण मिळतात, पुढे १००व्या दिवसापर्यंत रोजचा ठरावीक वाटा भरायचा, आणि तो बहुतेक मेडिगॅप उचलतो. थेरपीची गरज तिथेही लागतेच, पण ती आहे की नाही हे ठरवायला विमा कंपनी मध्ये बसलेली नसते. अपिलाला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतची मुदत होती. केलं, हरलो. पुढचे नऊ दिवस खिशातून भरले. वर्षभरात वाचवलेलं सगळं त्यात गेलं, वर आणखी गेले.

मग त्या वर्षीच्या ओपन एनरोलमेंटला परत फिरायचं ठरवलं. मूळ मेडिकेअरमध्ये जायला कोणी अडवत नाही. अडतं ते मेडिगॅपपाशी. पासष्टी उलटून पार्ट बी सुरू झालं की सहा महिने तब्येत न विचारता पॉलिसी द्यावीच लागते, ते एकदाच. नंतर प्रश्न सुरू. ऑपरेशन झालंय? हो. वॉकर लागतो? हो. नकाराचं पत्र दोन ओळींचं होतं. आणि मेडिगॅप नसेल तर पार्ट बीमधल्या बिलांचा २० टक्के वाटा आपला, त्याला वरची मर्यादाच नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढे कळलेलं. मेडिगॅप सोडून पहिल्यांदाच अ‍ॅडव्हांटेजला गेलेल्या माणसाला पहिल्या १२ महिन्यांत जुन्या पॉलिसीकडे बिनप्रश्न परतता येतं. प्लॅन जानेवारी २०२३ला सुरू झालेला, म्हणजे डिसेंबर २०२३ पर्यंत. बाबा जानेवारीत पडले.

तुमच्या आईच्या दातांचं म्हणाल तर वेगळा दातांचा विमा बघा, नाहीतर पुण्याला गेल्यावर करून घ्या, आम्ही सगळे तेच करतो. बदलायचाच असेल तर पार्ट डी बदला, तिथे तब्येत विचारत नाहीत. मेडिकेअरच्या साइटवर आईच्या गोळ्यांची नावं टाकून दर वर्षी बघा, यादी बदलते. सप्टेंबरअखेर प्लॅनकडून बदलांचं जाडजूड पत्र येतं, ते वाचा. आमच्याकडे बाबा त्यावर शेंगा सोलायचे.

हां, न्यूयॉर्क किंवा कनेक्टिकटला असाल तर मेडिगॅपचं दार वर्षभर उघडं असतं, मग इतकं घाबरायला नको. मेडिगॅपचा हप्ता झेपतच नसेल तरीही गोष्ट वेगळी, अ‍ॅडव्हांटेजला निदान वर्षाच्या खर्चाची कमाल मर्यादा असते. पण एजंटऐवजी राज्याच्या शिप (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सोय) सल्लागाराला फोन करा. फुकट आहे आणि त्याला कमिशन नसतं.

दादा अजून म्हणतो, "त्या वेळच्या माहितीवर निर्णय बरोबरच होता." माहिती मेडिकेअरच्या पुस्तकात छापलेली होती, पुस्तक फ्रिजवर होतं. मीही उघडलं नाही, कबूल. पण फॉर्म मी भरला नव्हता.