मर्सिडीज ई-क्लासची मागची काच फुटली. शोरूममधून बदलावी की बाहेरून? क्लेम करावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१९ची ई-क्लास आहे आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागची काच फुटली. कोणी फोडली की आपोआप गेली, ते कळायला मार्ग नाही. शोरूमनं काच यायला दोन आठवडे सांगितलेत आणि कोटेशन बघून डोळे पांढरे झालेत. ओळखीचा काचवाला मात्र निम्म्याहून कमी पैशात, दोन तासांत बसवून देतो म्हणतोय. इन्शुरन्स फुल आहे, बरीच वर्षं क्लेम घेतलेला नाही.

मी पुण्यात जर्मन गाड्यांच्या बॉडीशॉपमध्ये काम करतो. काचा काढणं-बसवणं रोजचंच आहे. माझं मत विचाराल तर थांबा. काच शोरूममध्येच बसवा असा माझा आग्रह नाही, पण ती दोन तासांवाली काच नको.

कारण सोपं आहे. दोन तासांत बसवतो म्हणणाऱ्याकडे काच आधीच पडून आहे. ई-क्लासची मागची काच कुणी स्विफ्टच्या काचेसारखी दुकानात रचून ठेवत नाही. मग ती आली कुठून? बहुतेक वेळा ॲक्सिडेंटमध्ये गेलेल्या गाडीची असते, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत उतरवलेली. ती वाईटच असते असं नाही. पण काढताना वायर किंवा पातं फिरताना आतल्या डिफॉगरच्या (धुकं घालवायला तापणाऱ्या) रेघांवर ओरखडा गेला असेल, तर ते बसवून झाल्यावरच कळतं. आणि ओरखडा काठाला असेल तर आणखी वाईट. टफन्ड काचेचा जीव काठात असतो. आज ठीक दिसणारी काच मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत स्वतःहून जाते.

टफन्ड म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, कारण 'दुरुस्त होणार नाही का' असंही तुम्ही विचारलंय. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. म्हणून खडा लागला तर तेवढ्याच जागी तारा उमटतो आणि तो रेझिननं भरता येतो. मागची काच जवळजवळ नेहमी एकाच थराची असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटक्यात थंड केलेली असते. बाहेरचे थर दाबाखाली आणि पोट ताणाखाली, म्हणून कुठेही एकदा तडा आत शिरला की सगळी काच खडीसाखरेसारखी गळून पडते. इथे दुरुस्ती हा प्रकारच नाही.

यावरून आणखी एक. शेजारच्या मुलांवर लगेच बोट दाखवू नका. काच बनताना निकेल सल्फाइडचा बारीक कण आत राहिला असेल तर वर्षांनी ती आपोआप फुटू शकते. काठाला पूर्वी लागलेला टवकाही पुरतो. सीसीटीव्ही बघा, दगड किंवा लोखंडी काही आत सापडतंय का बघा, मग काय ते बोला. आतून काही चोरीला गेलं असेल तर पोलिसांत तक्रार आधी. आणि हे लक्षात घ्या की गाडीच्या पॉलिसीत काच येते, आत ठेवलेला लॅपटॉप येत नाही.

आता काच निवडणं. भारतातली ई-क्लास २०१७पासून लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली आहे, चाकणला जोडली जाते. तिची मागच्या दारांची काच युरोपातल्या साध्या ई-क्लासची बसत नाही. म्हणून दारांची असो वा मागची, 'ई-क्लास, २०१९' एवढं सांगून काच मागवायचीच नाही. चेसिस नंबर द्यायचा आणि त्या नंबरवर पार्ट नंबर काढून घ्यायचा. एकाच मॉडेलच्या मागच्या काचेतही फरक असतात. रेडिओची अँटेना बऱ्याच जर्मन सेडानमध्ये मागच्या काचेतच छापलेली असते, डिफॉगरच्या रेघांच्या वर किंवा त्यांच्यातच मिसळून. तिचा ॲम्प्लिफायर मागच्या खांबाच्या ट्रिमखाली लपलेला असतो. चुकीच्या प्रकारची काच बसली तर दिसायला काहीच फरक नसतो. फक्त एक्सप्रेसवेवर लोणावळ्याच्या पुढे एफएम खरखरायला लागतं आणि लोक म्युझिक सिस्टिम उघडून बसतात.

काचेच्या कोपऱ्यातली छापील खूण वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. वर्तुळात ई आणि आकडा म्हणजे युरोपीय मान्यता; १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. त्याजवळ ४३ आर हा काचेच्या नियमाचा क्रमांक. आपल्याकडचा शिक्का आयएसआयचा, आयएस २५५३. आणि ४३ आरच्याच ओळीत इंग्रजी व्ही दिसला तर ती काच ७० टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत सोडते, म्हणजे कारखान्यातूनच गडद. आखाती देशांतल्या गाड्यांच्या अशा काचा इकडे येतात, दिसतातही झकास. पण आपल्या नियमात पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. तेव्हा झकास दिसणारी ती काच घेऊन ट्रॅफिक पोलिसासमोर तुम्ही उभे राहणार, काचवाला नाही.

ब्रँडचा बाऊ करू नका. गाडीवर मर्सिडीजचा तारा असतो म्हणून काच मर्सिडीजवाले बनवत नाहीत. सेंट-गोबेन, पिल्किंग्टन, फुयाओ असे काच बनवणारे वेगळेच. त्याच कारखान्याची, तारा न छापलेली काच तुमच्या पार्ट नंबरला जुळणारी मिळत असेल तर मी स्वतःच्या गाडीला डोळे झाकून लावीन. फक्त 'जुळणारी' या शब्दावर अडून बसा.

पण खरं सांगू का, काच हा यातला सोपा भाग. गाड्या आमच्याकडे परत येतात त्या बहुधा चिकटवण्यामुळे.

सेडानची मागची काच रबरात अडकवलेली नसते, ती बॉडीला यूरेथेननं चिकटवलेली असते. आमच्याकडे त्याला पीयूच म्हणतात. काम नीट करणारा माणूस काय करतो ते बघा. आधी पार्सल ट्रे (मागच्या सीटमागची फळी) आणि खांबांच्या ट्रिम्स निघतात, त्याशिवाय अँटेनाचं कनेक्शन हाताला लागत नाही. मग चौकटीवरचा जुना पीयू तो पूर्ण खरवडत नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर मुद्दाम ठेवतो, कारण नवा पीयू ताज्या कापलेल्या जुन्या पीयूला उत्तम धरतो. कापताना पातं रंगाला लागलं, पत्रा उघडा पडला, तर तिथे प्रायमर. हे टाळलं तर गंज मोल्डिंगखाली, म्हणजे काचेभोवतीच्या पट्टीखाली, लपून वाढतो. दोन पावसाळे काही दिसत नाही, तिसऱ्याला रंगाला फोड येतात. नव्या काचेचा काळा काठ ॲक्टिव्हेटरनं, म्हणजे पीयू नीट धरावा म्हणून लावायच्या द्रवानं, पुसतो आणि नंतर तिथे उघडं बोट लावत नाही. पीयूची धार एकसंध, त्रिकोणी, सगळीकडे सारख्या उंचीची घालतो. मग दोघं जण सक्शन कपनं काच उचलतात आणि एकदाच टेकवतात. टेकवून सरकवायची नाही.

आणि ज्याच्या हातात सिलिकॉनची नळी दिसेल त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. सिलिकॉन पाणी थांबवतं, काच धरत नाही. शिवाय एकदा चौकटीला सिलिकॉन लागलं की पुढच्या वेळी पीयू तिथे चिकटायला मागत नाही. बाहेर सिलिकॉननं बसवलेली एक सेडान आमच्याकडे आली होती. काच तीन बाजूंनी हातानं दाबली की हलत होती, आणि डिकीतल्या कार्पेटखाली स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचलेलं. कित्येक जर्मन गाड्यांमध्ये डिकीतच कंट्रोल युनिट आणि कधी बॅटरीही असते. त्या मालकाला काचेत वाचलेले पैसे वायरिंगमध्ये घालावे लागले, वर आणखी.

पीयू हवेतल्या ओलाव्यानं सुकतो. म्हणून जुलैत कोकणात तो पटकन धरतो आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात, लोकांना वाटतं त्याच्या उलट, रेंगाळतो. साधारण दिवसाला तीन-चार मिलिमीटर आतवर सुकत जातो. गाडी कधी हलवायची ते नळीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते विचारा, 'नेऊ शकता साहेब' यावर जाऊ नका. पहिला दिवस बाजूची एक काच बोटभर खाली ठेवा, कारण बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते. दोन दिवस प्रेशर वॉशिंग नको.

आता क्लेम. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही म्हणून काचेचे निम्मेच पैसे मिळतील, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. साध्या पॉलिसीतही काचेच्या भागांवर घसारा शून्य असतो. ५० टक्के कापतात ते रबर, नायलॉन, प्लास्टिकचं. म्हणजे इथे फक्त मोल्डिंग आणि क्लिपांचं. पीयू, प्रायमर यांसाठी कन्झ्युमेबल कव्हर असेल तर ठीक. तुमचं इंजिन १५०० सीसीच्या वरचं, म्हणून सक्तीची वजावट २००० रुपये. बस.

खरा खर्च नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीचा आहे. बरीच वर्षं क्लेम नाही म्हणजे तुम्ही ५० टक्क्यांवर असणार. आज क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी परत ५०. प्रत्येक वर्षीचा तोटा मांडा: ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा) बोनसआधीचा प्रीमियम समजा ८०,००० असेल तर पहिल्याच वर्षी ४०,००० जातात आणि पाच वर्षांत मिळून लाखाच्या आसपास. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. आता तुमच्या पॉलिसीचा आकडा घालून हे करा आणि कोटेशनशेजारी ठेवा. कोटेशन त्याहून लहान असेल तर क्लेम घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अपवाद एकच: पॉलिसीत बोनस प्रोटेक्शन असेल, किंवा फक्त काचेच्या क्लेमला बोनस जात नाही असं कलम असेल. काही पॉलिसींत ते असतं, एजंटला लेखी विचारा. क्लेम घ्यायचाच ठरला तर कामाला हात लावण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढा, तुकडे सर्व्हेअर बघेपर्यंत टाकू नका.

कोटेशन फोडून मागा: काच, मोल्डिंग, चिकटवण्याचं किट, मजुरी, जीएसटी. त्यात कॅमेरा कॅलिब्रेशन लावलं असेल तर कशाचं ते विचारा. पुढची काच बदलली की आरशामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागतं. मागच्या काचेला साधारणपणे ते लागत नाही.

हे दोन आठवडे काढायचे कसे? तुकडे व्हॅक्यूमनं काढा, विशेषतः सीटबेल्टच्या खाचेतून आणि पार्सल ट्रेवरच्या स्पीकरच्या जाळीतून. मागचा इलेक्ट्रिक पडदा असेल तर त्याचं बटण दाबूच नका, कणांसकट गुंडाळला की मोटर जाते. जाड प्लास्टिक लावा, पण खाकी पॅकिंग टेप थेट रंगावर नको. मास्किंग टेप वापरा आणि रोज बदला, उन्हात ती पण धरते. मागून उघडी गाडी लांब पळवू नका. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी असतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. अगदी जावंच लागलं तर पुढचे व्हेंट पूर्ण चालू, हवा बाहेरची.

ताब्यात घेताना डिफॉगर लावून दहा मिनिटं थांबा आणि आतून धुकं कुठल्या रेघेला राहतं ते बघा. रेडिओ लावा. मधला ब्रेक लाइट तपासा. पाण्याची परीक्षा दोन दिवसांनी, साध्या पाइपनं, खालून वर, आणि डिकीत एक माणूस टॉर्च घेऊन.

काचवाल्याकडे जी काच आहे तिच्या कोपऱ्यातल्या खुणेचा जवळून फोटो काढून इथे टाकलात तर ती कुठली, गडद आहे का आणि तुमच्या गाडीला चालेल का, ते मी वाचून सांगतो. चेसिस नंबर मात्र इथे सगळ्यांसमोर लिहू नका.