परदेशी जाताना जुन्या गाण्यांचे काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की, जाण्याची तारीख ठरल्यापासून वर्षानुवर्षे ऐकलेले एखादे गाणे लागले तरी दोन ओळींतच गळा दाटून येतो. म्हणून ही गाणी फोनमधून काढून टाकावीत, की उलट शक्य तितकी गोळा करून सोबत न्यावीत, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मला देश सोडून अकरा वर्षे झाली. काढून तर मुळीच टाकू नका. मात्र ती तिथे कशी ऐकायची, याचा विचार आधीच करा, कारण माझी चूक नेमकी तिथे झाली.

निघताना मी साठ-सत्तर आवडत्या गाण्यांची प्लेलिस्ट केली आणि पहिले चार महिने ती सकाळ-संध्याकाळ लावली. राहण्याच्या परवान्याचा कागद येत नव्हता. खोलीला नुकताच रंग दिलेला होता, दारामागे ओला कोट टांगलेला असे आणि मी एका कानातला इअरफोन काढून टपालपेटीचे झाकण वाजण्याची वाट पाहत बसे. त्या यादीतले एक गाणे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो. दुसऱ्या अंतऱ्यातला एक शब्द माझी थोरली बहीण हटकून चुकीचा म्हणायची आणि मग स्वतःच हसत सुटायची, त्यामुळे ते गाणे म्हणजे तिचे हसणे, असेच माझ्या मनात बसले होते. आता ते लागले की आधी रंगाचा वास येतो आणि पोटात त्या न आलेल्या कागदाची धाकधूक सुरू होते. बहीण आठवते, पण आठवावी लागते. याची खंत मला अजूनही आहे.

गाणे ज्या दिवसांत सतत कानावर पडते त्या दिवसांना चिकटते, आणि आयुष्य उलटेपालटे होत असताना तर फारच घट्ट चिकटते. ही गोष्ट जुन्या लोकांच्याही लक्षात आली होती. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घराच्या ओढीने येणाऱ्या आजारपणाला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. पुढे रूसो या विचारवंताने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात स्विस गुराख्यांच्या एका चालीविषयी लिहिले की, ती ऐकून परमुलखातले स्विस सैनिक रडत आणि पळून जात, म्हणून त्यांच्या तुकड्यांत ती वाजवण्यास देहदंडाच्या धाकाने बंदी होती. (बंदीची कथा थोडी रंगवलेली असावी, असे मला वाटते.) त्याचे पुढचे निरीक्षण मात्र अचूक आहे: परक्या माणसावर त्या चालीचा काहीच परिणाम होत नाही, कारण ती तिथे संगीत म्हणून काम करत नसून आठवणीची खूण म्हणून करते.

म्हणून माझे सांगणे असे की, ज्या गाण्यांत तुमची माणसे आहेत अशी दहा-बारा गाणी बाजूला ठेवा आणि पहिल्या वर्षी ती क्वचितच, तीही सवड काढून, ऐका. रोजच्या प्रवासाला, भांडी घासताना, रांगेत उभे असताना ती लावू नका. त्या वेळेसाठी दुसरी जुनी, ओळखीची, पण फारशी जिव्हाळ्याची नसलेली गाणी पुरतात. त्यांचाही आधार मोठा असतो, कारण नव्या ठिकाणी दुकानदार काय विचारेल, बस कुठे वळेल, काहीच आधी कळत नाही, आणि गाण्यात मात्र ध्रुवपदानंतर काय येणार हे तुम्हाला पक्के ठाऊक असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले होते की, आवडत्या संगीतात रोमांचाच्या क्षणाआधीच्या प्रतीक्षेतही मेंदूत डोपामिन हे सुखाच्या भावनेशी जोडलेले रसायन स्रवते.

एक व्यावहारिक गोष्ट: ॲपमध्ये डाउनलोड केलेले गाणे तुमच्या मालकीचे नसते, आणि हक्क देशागणिक वेगळे असल्यामुळे देश बदलल्यावर यादीतली काही नावे फिकी होऊन वाजेनाशी होतात. जी खरोखर हवीत ती विकत घेऊन स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.

रडू येते त्याची मात्र चिंता करू नका, आणि त्या देशातली गाणी शब्द समजण्याची वाट न पाहता ऐकू लागा. माझ्या कानाला तिथल्या भाषेचा हेल पाठ्यपुस्तकाआधी गाण्यांतूनच कळला. शिवाय निघण्यापूर्वी घरातल्या कोणाचे तरी गुणगुणणे ध्वनिमुद्रित करून घ्या, शक्यतो त्यांचे लक्ष नसताना, आणि नंतर त्यांना सांगून टाका. माझ्याकडे आईची एक मिनिट चाळीस सेकंदांची फीत आहे. ती कपड्यांच्या घड्या घालते आहे, पंखा दर फेरीला करकरतो आहे, आणि अंतरा विसरल्यामुळे ती तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आहे.